जमुनाबाईंचा टाका

त्या वर्षी जमुनाबाई शिवताना सुईकडे बघत होत्या.

सात वर्षं मी त्यांना गोधडी शिवताना पाहत आले होते. त्या आमच्याशी बोलायच्या, हसायच्या, चुलीवरच्या भाताचा अंदाज घ्यायच्या, दारातून आत येणाऱ्या कोंबडीला हाकलायच्या आणि सुई आपली चालत राहायची. उजवा हात वरून सुई घालायचा. डाव्या हाताची बोटं कापडाखाली तिचं टोक हेरून परत वर ढकलायची. त्यात डोळ्यांना काही काम नव्हतं. आता मात्र त्यांची मान खाली होती आणि दर टाक्याला त्या थांबत होत्या.

मी तिरोड्याला हायस्कूलमध्ये विज्ञान शिकवते. जमुनाबाई आमच्याच शाळेत मुलांची खिचडी शिजवतात. आमची ओळख वाढली ती माझ्या फजितीमुळे. आई गेल्यावर तिची लुगडी मी जपून ठेवली होती. त्यांची गोधडी करायची म्हणून सुट्टीत एकटीच बसले. पट्टीनं मोजून खडूच्या रेघा आखल्या, एका कडेपासून शिवत निघाले आणि दुसऱ्या कडेला पोहोचले तेव्हा खालचा थर वरच्याच्या चार बोटं पुढं सरकला होता. मधे सगळ्या सुरकुत्या. जमुनाबाईंनी ते बघितलं आणि म्हणाल्या, "मॅडम, एकटीनं कथरी होत नसते. चार बाजूले चार बाया लागतात."

कारण साधं आहे, पण मला ते सुचलं नव्हतं. प्रत्येक टाका कापडाला थोडं पुढं ढकलतो. चौघी चार बाजूंनी मध्याकडे शिवत आल्या की चारही ओढी एकमेकींना तोलतात आणि थर जागचे हलत नाहीत.

तेव्हापासून दर जानेवारीत, संक्रांत झाली की, आम्ही चौघी तीन दिवस जमुनाबाईंच्या जुन्या मैत्रिणीच्या, सुलोचनाबाईंच्या, शेतावरच्या घरी जातो. बोदलकशाच्या तलावाला लागूनच त्यांची धानाची बांधी आहे. चुरणं, म्हणजे धानाची मळणी, संपलेलं असतं, घर रिकामं असतं आणि सारवलेली मोठी पडवी मिळते. सुलोचनाबाईंचे यजमान टिकारामजी याला 'बायाइचा कॅम्प' म्हणतात. "कॅम्पात हजेरी असते का?" असं त्यांनी पहिल्या वर्षी चिडवलं होतं. सुलोचनाबाई म्हणाल्या, "असते. अन् सैपाक घरी राहिलेल्या माणसानं कराचा असते." चौथी प्रेमिला, आमच्यात सगळ्यांत लहान. तिरोड्यात मशीनवर ब्लाऊज शिवते. दर वर्षी एकीची गोधडी होते. त्या वर्षी, म्हणजे २००७ साली, प्रेमिलाची पाळी होती. तिच्या सात वर्षांच्या टीनासाठी.

आमचा एकच नियम आहे. वाकडा टाका दिसला तर जिचा आहे तिनं उसवायचा नाही. शेजारणीनं उसवायचा, आणि त्यावर बोलायचं नाही. पहिली दोन वर्षं माझेच टाके उसवले गेले. जमुनाबाईंचा टाका कधी कुणी उसवला नव्हता. मी एकदा पट्टी लावून मोजलं होतं. दहा सेंटिमीटरमध्ये चोवीस टाके. मग दर वर्षी मोजायची मला सवयच लागली. तेवीस, चोवीस, पंचवीस. त्याबाहेर आकडा गेला नाही. प्रयोगशाळेतलं कुठलंही उपकरण वर्षानुवर्षं असं एकसारखं चाललेलं मी पाहिलेलं नाही.

पहिल्या दिवशी दुपारी भाताचं तपेलं उतू जायला लागलं. सांडशी सापडेना. जमुनाबाई उठल्या आणि दोन्ही हातांनी तपेलं धरून सरळ खाली ठेवलं.

"बाप रे!" सुलोचनाबाई ओरडल्या. "हात हाये का सांडशी?"

"तीस वर्षं चुलीपाशी गेली वो. चामडं मेलं माह्यं."

आम्ही हसलो. प्रेमिलानं त्यांचा हात धरून उलटासुलटा करून पाहिला आणि म्हणाली, "मावशी, माह्यानं चहाचा गिलास बी धरवत नाई." मीसुद्धा कौतुकानं बघत होते. दहावीला मज्जासंस्थेचा धडा मी वीस वर्षं शिकवते आहे. कातडी जाड झाली तरी चटका कळतोच, हे मला माहीत आहे. पण कौतुकात ते आठवलं नाही.

दुसऱ्या दिवशी मी जमुनाबाईंच्या टाक्यांना पट्टी लावली. सतरा. हातभर पुढं एकवीस. त्याच्या पुढं पंधरा, तेही तिरके. मी पट्टी खाली ठेवली. सुलोचनाबाई त्यांच्या शेजारच्या बाजूला होत्या. त्यांनाही ते टाके दिसत असणार, पण त्यांनी हात लावला नव्हता. मीही काही बोलले नाही.

दुपारी खालची बाजू बघायला आम्ही गोधडी उलटवली. जमुनाबाईंच्या बाजूला फिक्या अस्तरावर बारीक तपकिरी ठिपके होते. ओळीनं.

"पान खाऊन शिवलं का, वो?" सुलोचनाबाई म्हणाल्या.

जमुनाबाई वाकून ते ठिपके बघत राहिल्या. मग त्यांनी डावा हात उजेडात धरला. करंगळी आणि तिच्या शेजारचं बोट सुईनं ठिकठिकाणी टोचलेलं होतं. करंगळीला बाजूनं एक फोडही होता, आदल्या दिवशीच्या तपेल्याचा.

"हे कधी टोचलं मले?" त्या स्वतःशीच म्हणाल्या.

मी म्हटलं, "चला, हात धुऊन येऊ."

तलावाच्या काठी दगडावर मी त्यांना बसवलं. निघताना देव्हाऱ्यातून घेतलेली कापसाची बारीक वात पदराच्या गाठीतून काढली आणि म्हटलं, "डोळे मिटा. मी जिथं लावीन तिथं दुसऱ्या हाताचं बोट ठेवा."

"मले विद्यार्थी समजल्या का?"

"मिटा तर खरं."

उजव्या हातावर प्रत्येक वेळी त्यांनी अचूक जागा दाखवली. डाव्या अंगठ्यावर, पहिल्या दोन बोटांवरही दाखवली. अनामिकेला वात लावली. त्या वाट बघत बसल्या. करंगळीला लावली. हाताच्या बाहेरच्या कडेला लावली.

"लावा ना," त्या म्हणाल्या.

"लावली."

त्यांनी डोळे उघडले. वात करंगळीवरच होती. मी बाही वर सरकवायला सांगितली. कोपराच्या खाली रुपयाएवढा फिका चट्टा होता. तिथंही वात कळली नाही. दर वर्षी शाळेत सर्वेक्षणाला येणारे लोक आम्हा शिक्षकांना हेच तपासायला शिकवतात. मुलांचे शेकडो हात मी असे तपासले आहेत.

"कधीपासून आहे?"

"पोळ्याच्या मागंपुढं दिसला. खाजत नाई, दुखत नाई, म्हणून सोडून देला." थोडं थांबून त्या म्हणाल्या, "मले मालूम हाये तुमी काय म्हणून राहिल्या. आमच्या गावात एक मंगरू होता. त्याची बोटं मी पाह्यली हायेत."

मी त्यांना सांगितलं की मंगरूच्या वेळी औषध उशिरा मिळालं असेल. आता सरकारी दवाखान्यात फुकट मिळतं. पहिला डोस घेतला की दुसऱ्याला लागण होण्याची भीती जवळजवळ राहत नाही. पोळ्यापासून पाच महिने झाले होते. सहा महिन्यांच्या आत उपचार सुरू झाले तर बोटांची जाणीव परत येऊ शकते. पुढं तितकी खात्री नसते.

त्यांनी सगळं नीट ऐकलं. मग म्हणाल्या, "एप्रिलात शाळा सुटते. मंग जातो. आता गेली अन् कोणं पाह्यलं, तं खिचडी बंद. पोराइचे मायबाप गेटाशी उभे राहतीन."

"एप्रिलपर्यंत उशीर होईल."

"होऊ द्या. दोन बोटं गेली तरी आठ राहतात."

मी पुष्कळ समजावलं. त्या उठल्या, हात पदराला पुसला आणि पडवीकडे चालू लागल्या. मला वाटलं, आता हे आम्हा दोघींतच राहावं. निदान कुणाला कळू नये एवढं तरी मी करू शकत होते.

पण पडवीत येऊन आपल्या बाजूला बसताच त्या म्हणाल्या, "मॅडम म्हणते मले महारोग हाये. ज्याले उठाचं असन तं उठा."

कुणी उठलं नाही. पण प्रेमिलाचा हात थांबला. तिनं गोधडीवरचा गुडघा हळूच मागं घेतला आणि शेजारचं कापडाचं बोचकं आपल्या पलीकडे सरकवलं. जमुनाबाईंनी ते पाहिलं.

"टीना झोपणार हाये वो याच्यावर," प्रेमिला रडवेल्या आवाजात म्हणाली. "मी तुमाले काई म्हणून नाई राहिली, मावशी. पण टीना..."

मी सांगितलं की कापडातून, रक्ताच्या ठिपक्यातून हा आजार होत नाही. तिनं मान हलवली, पण बोचकं परत घेतलं नाही. तिला दोष द्यावा असं मला वाटलं नाही. आदल्या दिवशी तोच हात तिनं कौतुकानं धरला होता.

"दवाखान्यात कधी जाशीन?" सुलोचनाबाईंनी विचारलं.

"एप्रिलात."

"काऊन?"

"खिचडीसाठी. आणखीन काऊन?"

सुलोचनाबाईंनी डब्यातून ब्लेड घेतलं, सरकत जमुनाबाईंच्या कडेला आल्या आणि पहिला टाका कापला. मग दुसरा. दोऱ्याचं टोक धरून त्यांनी ओढलं आणि वीतभर ओळ सुटून आली.

"काय करून राहिली वो?"

नियमाप्रमाणे सुलोचनाबाईंनी बोलायला नको होतं. त्या बोलल्या. "उसवून राहिली. काल दुपारपासून दिसते मले, वाकडा हाये. म्हटलं, जमुनीचा टाका, कसा उसवू? मानापायी चूप बसली. हे मॅडम पट्टी घेऊन आल्या, त्या बी चूप. सारे तुहा मान राखून राहिलो अन् तुहा हात मरून राहिला."

"दिवसभराचं शिवण हाये ते माह्यं!"

"हे तुहं नोहे. तुहं शिवण मले मालूम हाये." दुसरी ओळ सुटली. "एप्रिलपर्यंत बसशीन, तं असाही टाका घालता येणार नाई तुले. मंग आठ बोटं घेऊन माह्या पडवीत काय करशीन? भात वाढशीन?"

जमुनाबाईंनी ब्लेड धरलेला तो हात पकडला. क्षणभर मला वाटलं, आता भांडण होणार. त्या सुटलेल्या दोऱ्याकडे बघत होत्या. सुईच्या भोकांची रांग अस्तरावर तशीच राहिली होती, आणि ती इतकी वेडीवाकडी होती की दोरा नसताना जास्तच दिसत होती. त्यांनी त्या भोकांवरून उजव्या हाताचं बोट फिरवलं, कडेपासून मध्यापर्यंत. ते बोट सगळं सांगत असणार. मग त्यांनी सुलोचनाबाईंचा हात सोडला.

"पूर्ण उसव," त्या म्हणाल्या. "अर्धं नोको ठेवू."

गोधडी तशीच गुंडाळून आम्ही तिसरा दिवस सोडला. टिकारामजींनी सकाळी जीप आणली. कॅम्प लवकर का मोडला, असं त्यांनी विचारलं नाही, कारण सुलोचनाबाईंनी त्यांच्याकडे एकदा पाहिलं होतं. प्रेमिला जीपमध्ये सगळ्यांत शेवटी चढली. जागा जमुनाबाईंच्या शेजारीच उरली होती. ती बसली.

दवाखान्यात डॉक्टरांनी मी केलेलीच चाचणी पुन्हा केली, कोपराच्या मागची नस दाबून पाहिली आणि सांगितलं की बरं झालं आत्ता आलात. सहा महिन्यांच्या गोळ्या, शिवाय नसेसाठी वेगळं औषध. प्रेमिलानं त्यांना थेट विचारलं, "या बाईचं रक्त लागलेल्या कथरीवर लेकरू झोपलं, तं?" डॉक्टर म्हणाले, "धुऊन घ्या, खुशाल झोपवा." मग तिनं जमुनाबाईंना पाण्याचा पेला आणून दिला आणि त्या पहिला डोस गिळेपर्यंत समोर उभी राहिली.

जमुनाबाईंनी डॉक्टरांकडे एकच गोष्ट मागितली. "माह्या हातचं लेकराइनं खाल्लं तं चालते, असं लिहून द्या."

तो कागद घेऊन त्या सोमवारी स्वतः मुख्याध्यापकांसमोर उभ्या राहिल्या. मी सोबत येते म्हटलं, तर म्हणाल्या, "तुमी नोका येऊ. तुमी आल्या तं वाटन मॅडमनं पाठवलं." सरांनी पंधरा दिवस त्यांना घरी बसवलं. त्या पंधरा दिवसांत त्या रोज शाळा सुटायच्या वेळी गेटापाशी येऊन उभ्या राहत आणि जो कुणी बाप किंवा आई विचारील त्याला आजाराचं नाव सांगत, गोळ्यांचे रंग आणि डॉक्टरांचा कागद दाखवत. आजाराचं नाव मी कधी चारचौघांत इतकं मोठ्यानं उच्चारलेलं ऐकलं नव्हतं. दोन पालकांनी मुलांचे डबे घरून पाठवायला सुरुवात केली. बाकीच्यांची मुलं जेवत राहिली. सोळाव्या दिवशी त्या चुलीपाशी परत आल्या, दोन्ही हातांत जाड फडकी घेऊन.

एप्रिलच्या पहिल्या आठवड्यात, एका सकाळी आठ वाजता, दारावर थापा पडल्या. जमुनाबाई उभ्या होत्या. कमरेला मोहफुलांची टोपली, केसांत पाचोळा. जंगलाकडून चार किलोमीटर त्या तशाच चालत आल्या होत्या. डावा हात वर धरलेला, अनामिका ताठ.

"मुंगळा चावला!" त्या म्हणाल्या.

बोट सुजून लाल झालं होतं. मी घाईनं विचारलं, "दुखतं का?"

"आग होऊन राहिली, मॅडम! जीव जाऊन राहिला!" आणि दारातच बसून त्या हसायला लागल्या.

मी बर्फ आणायला वळले, तर त्यांनी माझ्या साडीचा पदर धरला.

"राहू द्या थोडं," त्या म्हणाल्या. "करंगळी अजून झोपूनच हाये. पण हे उठलं. राहू द्या थोडं दुखत."