भट्टीनं नाकारलेली माती

मातीवरून माझ्या सासऱ्यांशी, म्हणजे बाबांशी, वाद घालायची कुणाची टाप नव्हती. चाळीस वर्षं विटा पाडलेला माणूस. त्यांनी पिवळी चांगली म्हटलं की ती चांगली. कुजक्या पानांची काळी माती दिसली की नाक मुरडायचे, कारण भट्टीत तिच्या विटा तडकतात.

आमच्या घराच्या वरच्या टेकडीवर शहराच्या कचऱ्यासाठी खड्डा व्हायचा होता. घाण पाणी खाली झिरपू नये म्हणून तळाला पिवळ्या मातीचा जाड थर द्यायचं ठरलं होतं. उतारावर खाली आमची विहीर, आणि पाणी आम्ही तिचंच पितो. माती तपासायचं काम मी नोकरी करते त्या प्रयोगशाळेत आलं तेव्हा मी ते हट्टानं मागून घेतलं. एका नळकांड्यात पिवळी ठासली, आणि बाबांची खोडी काढायला दुसऱ्यात काळी.

दोन्हींतून पाणी सारखंच, थेंबथेंब झिरपत होतं. साहेब खूश. पण मी वरच्या पाण्यात, कचऱ्यातून येतं तसं, रंगाचं थिनर मिसळलं होतं. एक्केचाळिसाव्या दिवशी ते पिवळीखालच्या थेंबांत सापडलं. काळीखाली त्याची जेमतेम खूण दिसायला दहा महिने लागले. कुजलेल्या पानांनी ते धरून ठेवलं होतं.

हे ऐकून बाबांचा चेहरा पडला. तिसऱ्या दिवशी स्वतःच प्रयोगशाळेत हजर, आणि नळकांड्यांसमोर स्टूल ओढून बसले.

"चाळीस वर्षं हिला उकिरड्यावर फेकली मी."

"आता उकिरड्याखाली घालू," मी म्हटलं. ते खो खो हसले, आणि माझा जीव भांड्यात पडला.

थरात काळी मिसळायला साहेब तयार झाले. फक्त अहवालात 'कायमचा अडथळा' हे शब्द त्यांना हवे होते. मी लिहूनही टाकले. विहीर वाचली होती, उगाच घोळ कशाला?

बाबांनी घरी अहवाल वाचला. "कायमचा?"

"तसं नाही हो. मातीचं पोट भरलं की ती खाली सोडणारच. नुसत्या पिवळीतून वीस वर्षांत विहिरीत आलं असतं. आता दीडशे लागतील. तोवर आपण कुठे असणार!"

"आपण नसू. विहीर असेल, पिणारे असतील. आकडा लिही, सूनबाई. कधी सावध व्हायचं ते त्यांना कळायला नको?"

मला माझीच लाज वाटली. मी ते दोन शब्द खोडले आणि दीडशे लिहिलं.