फुटपाथवर चढलेली सायकल

मित्रांनो, मी एक जुनी सायकल आहे आणि एका म्हाताऱ्या बाईचं चालणं मी बंद केलं आहे. आपली गोष्ट सांगताना आधी कारखान्याचं वर्णन करायची रीत आहे, पण मला तिथलं फारसं आठवत नाही. ठोकाठोक होती, काळा रंग होता आणि मग एकदम माझा मालक कॉस्मस होता.

कॉस्मस बोरीवलीच्या गावठाणातला. घरामागे चार वाफ्यांची वाडी, तिच्यात लाल माठ आणि मुळा. रोज सकाळी तो माझ्या कॅरिअरवर भाजीची पाटी बांधायचा आणि आम्ही घरोघर जायचो. तेव्हा रस्ता अरुंद होता आणि मोकळा होता. आता तो रुंद आहे आणि त्यावर जागा नाही. हे कसं झालं ते मला विचारू नका, मला दोनच चाकं आहेत.

माझ्या हँडलला घंटी होती, पण कॉस्मस ती माणसांसाठी वाजवत नसे. कुत्र्याला वाजवी, म्हशीला वाजवी. ओळखीच्या माणसाच्या पाठीमागून घंटी मारणं म्हणजे त्याला गुरात काढणं, असं गावठाणातले जुने लोक मानत. माणसाला नावाने हाक मारायची. लोक आमचं कौतुक करत. मीही ते खरं मानलं. कौतुक तपासून घ्यायची पद्धत नाही.

मग मोटारी वाढल्या. एके दिवशी एका टेम्पोने आम्हाला गटारात घातलं. कॉस्मसच्या सोलवटलेल्या कोपराला हळद लावत त्याची बायको तेरेसा म्हणाली,

"उद्यापासून फुटपाथवरनं जा."

"फुटपाथ चालणाऱ्यांचा असतो गं."

"आणि रस्ता कोणाचा आहे? तुझा?"

दुसऱ्या दिवशी आम्ही वर चढलो.

फुटपाथवर विजेची पेटी होती, झाडाचा कठडा होता, कुणाची तरी कायमची बंद स्कूटर होती, आणि या सगळ्यांनी नको म्हणून सोडलेली वाट होती. त्या वाटेवरचे लोक आम्हाला पाहून भिंतीला चिकटायचे. खाली मी मोटारींना पाहून अशीच कडेला चिकटत असे. मोटारींच्या भीतीने मी वर आले, आणि वर आल्यावर मीच मोटार झाले. थोडं बरंही वाटलं. खोटं कशाला सांगू?

सुगंधावहिनी आमच्या जुन्या गिऱ्हाईक. मूळच्या मालवणकडच्या. नवरा गिरणीत होता, तो गेल्यावर त्या मुलाकडे, हर्षदकडे, राहत. वय चौऱ्याहत्तर, पण दूध, औषध, देऊळ, सगळं पायी आणि एकट्याने. सून सोबत येते म्हणाली की रागवायच्या. "पाय आसत मां माका," म्हणायच्या.

मार्चमधल्या एका सकाळी त्या आमच्या पुढे चालल्या होत्या. एका बाजूला सोसायटीची भिंत. दुसऱ्या बाजूला फुटपाथवर दोन चाकं चढवून उभी केलेली पांढरी मोटार. ती हर्षदचीच. मध्ये एका माणसापुरती फट. फटीच्या पुढे वाट मोकळी होती. आम्ही उतारावर होतो, मागे ओल्या भाजीचं ओझं. घंटी वाजली असती तर वहिनी न बघता भरभर पुढे सरकल्या असत्या. कॉस्मसने रीतीप्रमाणे हाक मारली.

"ओ सुगंधावहिनी."

नावाने हाक मारली की माणूस सरकत नाही, मित्रांनो. थांबतो आणि वळतो. वहिनी त्या फटीत वळून उभ्या राहिल्या आणि हसल्या.

"काय रे कॉस्मस, आज माठ हाडलंस?"

मी ब्रेक लावून घेतले, पण पाटीला ब्रेक नसतो. तिने मला पुढे ढकललं. वहिनींचा खुबा मोडला.

दवाखान्यात त्यांनी मुलाला सांगितलं, "माझोच पाय घसारलो." हर्षदने ते मानलं. डॉक्टर म्हणाले, ऑपरेशन करू, पण पुन्हा चालतील असं सांगता येत नाही. तिसऱ्या दिवशी कॉस्मस भेटायला गेला. तिथे काय झालं ते त्याने घरी तेरेसाला सांगितलं. तेव्हा मी दाराशीच टेकलेली होते.

"मी म्हटलं, हर्षद, आईला मी पाडलं."

"मग?"

"म्हणाला, काका, फुटपाथ चालायला असतो, एवढं कळत नाही?"

"आणि त्याची गाडी?"

"ते नाही काढलं मी."

"का?"

"आई ऐकत होती त्याची."

वहिनी पुन्हा चालल्या नाहीत. कॉस्मस माझ्यावर बसला नाही. आता तो पाटी बांधून मला हातात धरून चालवतो, रस्त्याच्या कडेने, आणि मागच्या मोटारी जे वाजवायचं ते वाजवतात.

गेल्या महिन्यात आम्ही त्या सोसायटीपाशी होतो. हर्षद वहिनींना चाकाच्या खुर्चीतून डॉक्टरकडे नेत होता. पांढरी मोटार होती तिथेच होती. फटीतून माणूस जातो, खुर्ची जात नाही. हर्षदने खुर्ची तिरकी करून पाहिली. मग आईला घेऊन रस्त्यावर उतरला. मागून मोठ्ठा हॉर्न आला, तसा तो वळला.

"दिसत नाही का? आजारी माणूस आहे."

वहिनी मांडीवरचे हात न हलवता म्हणाल्या, "त्याका ओरडा नको. माका खाली कोणी उतरवल्यान?"

हर्षदने मोटारीकडे पाहिलं. मग घड्याळाकडे पाहिलं आणि खुर्ची पुढे ढकलली. कॉस्मसने मान खाली घातली. त्याला वाटलं, वहिनी त्याच्याबद्दल बोलल्या. थोड्या त्याच्याबद्दलही असतील.

मित्रांनो, मला पुसा, मला तेल द्या, असं मी म्हणणार नाही. मी गंजले तर कोणाचं काही बिघडत नाही. पण आपण जी थोडी जागा घेतो, ती बहुतेक वेळा आपल्याहून सावकाश जाणाऱ्याची असते. ती घेण्याआधी एवढंच बघा, की आता त्याने कुठून जायचं. मी बघितलं नव्हतं.