चोवीस खणांची ढाबळ

मी ढाबळ बोलतेय. पाथर्डी तालुक्यातल्या एका वस्तीवर, हनुमंतच्या अंगणाच्या कडेला उभी असलेली चोवीस खणांची दगडी भिंत. हनुमंतच्या वडिलांनी मला कबुतरांसाठी बांधलं. पाखरं कधीच उडून गेली, पण खण काही रिकामे राहिले नाहीत. कुणी विळे ठेवले, कुणी बियाण्याच्या पुड्या. माणसांना मोकळी जागा बघवतच नाही!

हनुमंतची नात दिशा कॉलेजात जाते. एकदा मोबाईलवर वाचून ती आजीला, मनकर्णाला, सांगत होती, "लॅटिनमधी कबुतराला कोलंबा म्हनतात, आजी. आन् ढाबळीला कोलंबेरियम. जहाजात वल्ही घालायची भोकं, भिंतीत वासे खोचायची भोकं, मेलेल्या मानसाची राख ठेवायचे कोनाडे, समद्याला त्योच शब्द."

"एकाच नावाला येवढी कामं? माज्यावानीच हाय की ती," मनकर्णा हसली.

मला मात्र ते राखेचं ऐकून राग आला. मी पाखरांची. माझ्यात राख कशाला?

माघात हनुमंत गेले. मुलगा वाल्मिक कोल्हापूरकडं ऊसतोडीला गेला होता आणि ट्रॉलीवरून पडून पाय प्लॅस्टरमध्ये घालून बसला होता. पुतण्या गोरक्षनाथनं अग्नी दिला. तिसऱ्या दिवशी सावडून झालं, तसा तो म्हणाला, "काकी, अस्थी आजच प्रवरासंगमला सोडून येतो."

"न्हाई. पोराचा अग्नी हुकला. अस्थी तरी त्याच्याच हातानं जातील."

"त्याला दीड म्हैना लागंल. तवर ठिवायच्या कुठं?"

अस्थी घरात आणत नाहीत. स्मशानात झाडाला बांधाव्यात, तर एकही झाड उरलेलं नाही. मनकर्णानं लाल फडक्यात बांधलेलं मडकं उचललं, थेट माझ्याकडं आली आणि वरच्या ओळीतल्या खणात ठेवलं. माझा सगळा राग तिथंच विरला. हनुमंत लहानपणी याच खणात हात घालून पिल्लं बघायचे हो!

आठव्या दिवशी गोरक्षनाथ जेसीबी घेऊन आला. अंगण दोन्ही घरांचं सामाईक; तिथं त्याच्या ट्रॅक्टरच्या शेडसाठी मला पाडायचं त्यानं दिवाळीतच ठरवलं होतं. "मडकं जरा बाजूला घ्या, काकी."

मनकर्णा माझ्या पायाशी मांडी घालून बसली. "तुजा काका हाय वर. पाड."

जेसीबीवाल्यानं वर पाहिलं. मशीन बंद केलं, खाली उतरून चपला काढल्या, हात जोडले आणि म्हणाला, "मालक, मला न्हाई जमायचं." गोरक्षनाथ तणतणत निघून गेला.

मनकर्णानं रोज सकाळी खणासमोर पाणी शिंपडलं. लोक कुजबुजले, भावकीनं तोंडं वाकडी केली. ती हटली नाही, आणि मीही एक दगड सरकू दिला नाही.

फाल्गुन संपता संपता वाल्मिक कुबडी टेकत आला. त्यानं वर हात घातला, मडकं छातीशी धरलं आणि लहान पोरासारखा रडला. मागं गोरक्षनाथ उभा होता. पुढं होऊन त्यानं वाल्मिकला आधार दिला. मग म्हणाला, "चल दादा, जीप काढतो."

शेडचा बेत अजून आहे, मला ठाऊक आहे. जेसीबी पुन्हा येईल. येऊ दे. माझं म्हणणं एवढंच, हात लावण्याआधी माझ्या चोवीसही खणांत डोकावून बघा. कुणीतरी आपल्या माणसाची वाट बघत बसलेलं असेल.