दहावा रकाना

गॅरेट ओस्टबीला मे महिन्यात पदवी मिळाली नाही.

हे वाक्य चुकून वर आलं. ते कुणी वाचलेलंच नाही असं धरून चालू. आत्ता ऑक्टोबर आहे, उत्तर मिनेसोटातला बर्फ अजून नुसत्या धमक्या देतोय, आणि गॅरेटच्या हातात एकपानी फॉर्म आहे. फॉर्मवर वर 'अभ्यासयोजना' असं लिहिलंय आणि खाली दहा रकाने आहेत. संगणकशास्त्राच्या एम.एस.ला दहा विषय लागतात, त्यातले नऊ रकाने भरले. दहावा विषय जानेवारीच्या सत्रात घ्यायचा आणि तो 'सिस्टिम्स' गटातलाच हवा. त्या गटात विषय तीन. म्हणजे तिनातला एक निवडायचा आणि खाली सही ठोकायची.

एवढं काम साधा माणूस दात घासता घासता उरकतो. गॅरेट संगणकशास्त्राचा विद्यार्थी होता. त्याने विषय निवडणारा प्रोग्राम लिहायला घेतला.

"तीनच आहेत ना रे?" फेंगने विचारलं. फेंग व्हँग हा त्याचा खोलीतला भिडू. तो वनशास्त्र शिकायचा, त्यामुळे स्वभावाने शांत होता. "नाणं उडव की."

"नाण्याला दोनच बाजू असतात."

"मग दोनदा उडव."

"दोनदा उडवलं तर चार शक्यता होतात. एका विषयावर मेहेरबानी होईल."

"होऊ दे की. त्या बिचाऱ्यावर दुसरं कोण करणार?"

गॅरेटचं लक्ष नव्हतं. प्रोग्राम वाढत होता. आधी त्याने वेळापत्रक बघितलं. मग कोणत्या इमारतीतून कोणत्या इमारतीत किती पावलं पडतात ते घातलं, मग वाऱ्याची दिशा, मग मास्तरांचं फळ्यावरचं अक्षर. तिसऱ्या आठवड्यात कँटीनमध्ये रानतांदळाचं सूप कोणत्या वारी असतं तेही आत गेलं, आणि त्या एका गोष्टीने निकाल पार उलटापालटा झाला.

या सगळ्या काळजीमागे कारण होतं, आणि ते तिसऱ्या मजल्यावर बसायचं. प्रोफेसर हॅल्वर्सन. पहिल्या वर्षी गॅरेट दोन विषयांत आपटला होता आणि सामान गाडीत भरून घरी निघाला होता. हॅल्वर्सन वाहनतळावर आले, गाडीच्या टपावर हात ठेवला आणि म्हणाले, "जा बाबा, पण जायच्या आधी एक सांग. माझ्या गल्लीतला बर्फ दरवेळी शेवटीच का उचलतात?" गॅरेट सांगायला लागला. सांगता सांगता अंधार पडला आणि सामान परत वर गेलं. पुढे तोच त्याचा प्रबंध झाला: बर्फ काढणाऱ्या गाड्या शहरात कोणत्या क्रमाने फिरवाव्यात, म्हणजे कुठलीच गल्ली कायमची शेवटची राहणार नाही.

तर हे हॅल्वर्सन मे अखेर निवृत्त होणार होते. बायकोच्या गुडघ्यांना इथली थंडी सोसेना, म्हणून दोघं लेकीकडे अ‍ॅरिझोनाला निघाली होती. निवृत्त माणसाची सही प्रबंधावर चालत नाही, असा नियम. मेमध्ये पदवी झाली नाही तर प्रबंध डॉ. प्रुएट यांच्याकडे जाणार, आणि प्रुएटबाई त्याला 'फावड्याचा विषय' म्हणायच्या. पदवी काय, आज ना उद्या मिळालीच असती. गॅरेटला पहिल्या पानावर त्या माणसाची सही हवी होती. सरांनी त्यासाठी एक पेन बाजूला काढून ठेवलं होतं. ते दुसऱ्या कशाला वापरत नसत.

"झाला का दहावा रकाना?" सर दर मंगळवारी विचारायचे.

"होत आलाय, सर. चौऱ्याण्णव टक्के खात्री आहे."

"मी नऊ टक्क्यांवर लग्न केलं."

"पण सर, तेव्हा तुमच्यापुढे पर्याय किती होते?"

सरांनी आठवून बघितलं. "एक. आणि ती नाही म्हणत होती."

फॉर्म द्यायचा डॉटीबाई क्वाम यांच्या टेबलावर. डॉटीबाई सव्वीस वर्षं विभागाच्या कार्यालयात होत्या, आणि त्यांच्या टेबलावर लिंबाच्या वड्यांचं ताट कायम असायचं. ताटात शेवटची एक वडी उरली की तिला कुणी हात लावत नसे. त्या मुलखात शेवटची वडी उचलणं हे शेजाऱ्याची गाय सोडून नेण्यासारखं समजतात. कुणीतरी सुरीने ती अर्धी करायचं आणि अर्धी ठेवायचं. पुढचा त्या अर्धीची अर्धी करायचा. शुक्रवारी संध्याकाळी डॉटीबाई एक कण टिपकागदात गुंडाळून टाकून देत.

"घे राजा, संपव ती," डॉटीबाई म्हणाल्या.

"नको नको. तुम्ही घ्या." गॅरेटने सुरी घेतली, पाव वडी उचलली आणि पाव ठेवली.

"आणि फॉर्म?"

"सोमवारी, बाई. आठला नोंदणी सुरू होतेय ना, त्याच्या आत प्रोग्रामचं उत्तर येतं."

उत्तर आलंही. 'विखुरलेल्या प्रणाली' हा विषय घ्यावा. एकमेकांशी धड बोलता न येणारी पुष्कळ यंत्रं मिळून एकच निर्णय कसा घेतात, ते त्यात शिकवतात. जागा तीस. गॅरेटला एवढा आनंद झाला की त्याने प्रोग्राम विभागातल्या सगळ्या मुलांसाठी खुला केला. त्यांच्याकडे अशी रीतच आहे. चांगली गोष्ट बनवली की ती वाटून टाकायची आणि वर 'काही चुकलं असेल तर कळवा' असं लिहायचं.

काहीही चुकलं नव्हतं. तिथेच घात झाला. रविवारी प्रत्येकाने प्रोग्राम चालवला आणि प्रत्येकाला एकच उत्तर मिळालं. सोमवारी आठ वाजता नोंदणी उघडली. गॅरेट तेव्हा सुपाचा नवा तक्ता घालून एकदा शेवटचं तपासत होता. आठ वाजून अकरा मिनिटांनी तिसाव्या जागेवर मालक बसला. आठ वाजून बारा मिनिटांनी प्रोग्रामने गॅरेटला सांगितलं की खात्री आता शंभर टक्के आहे.

प्रतीक्षायादीत त्याचा नंबर चौदावा लागला. उरलेले दोन विषयही तोवर भरले होते, कारण प्रोग्रामने दुसरी आणि तिसरी पसंतीही इमानदारीने छापली होती.

दिवसभर मुलं त्याला जिन्यात गाठून आभार मानत होती. एकजण तर हॉटडिशचं, म्हणजे मांस-बटाटे घालून भट्टीत भाजलेल्या तिथल्या घरगुती पदार्थाचं, भांडं घेऊन आला. "तुझ्यामुळे मी डोकंच लावलं नाही," तो म्हणाला. गॅरेटने भांडं घेतलं आणि "काही हरकत नाही" म्हणाला. तिथे घर जळत असलं तरी आधी असंच म्हणतात.

"तू कुणालातरी सांग ना, मला जागा दे म्हणून," फेंग हॉटडिश खाता खाता म्हणाला.

"असं कसं तोंडावर मागायचं?"

"तोंडावर नको मागू. पाठीवर माग. पण माग."

शेवटी डॉटीबाईंनीच मनावर घेतलं. बाकीच्या सगळ्यांचं अजून एक वर्ष उरलं होतं, त्यांना हा विषय पुढच्या वर्षीही चालला असता. बाईंनी वर्गातल्या आणि प्रतीक्षायादीतल्या सगळ्यांना चार ओळी पाठवल्या: गॅरेटला मेमध्ये पदवी हवी आहे, हॅल्वर्सन सर जाणार आहेत, कुणाला जमत असेल तर बुधवारी संध्याकाळी पाचच्या आत एक जागा सोडावी. प्रतीक्षेतल्यांनीही जरा बाजूला व्हावं, नाहीतर जागा मधेच अडकेल. दबाव अजिबात नाही.

कुणाचंही उत्तर आलं नाही. बाईंना वाईट वाटलं. हल्लीची मुलं, असं त्या स्वतःशी म्हणाल्यासुद्धा.

पण त्या मुलखातली माणसं उपकार करताना बोलत नाहीत. बोललं की तो उपकार राहत नाही, जाहिरात होते. बुधवारी दुपारी प्रतीक्षायादीतले गॅरेटच्या वरचे तेराजण एकेक करून गुपचूप बाहेर पडले. वर्गातल्या एकीने आपली जागा सोडली. दुसऱ्यानेही सोडली, न जाणो बाकी कुणी सोडली नाही तर. तिसऱ्याने, चौथीने, सगळ्यांनी नेमका तोच विचार केला. पाचला दोन मिनिटं कमी असताना तिसातले सत्तावीस जण विषय सोडून, मनातल्या मनात हलके होऊन, आपापल्या घरी गेले होते. राहिलेल्या तिघांनी आठवडाभर पत्रंच उघडली नव्हती.

पाच वाजता विद्यापीठाचं यंत्र रोजच्यासारखं जागं झालं. ते दोन कामं करतं. आधी, ज्या विषयाला सहापेक्षा कमी विद्यार्थी आहेत तो रद्द करतं. मग, प्रतीक्षायादीतल्यांना जागा देतं. हा क्रम अठ्ठ्याऐंशी साली कुणीतरी ठरवला होता आणि लगेच निवृत्त झाला होता.

पाच वाजून एका मिनिटाने विषय रद्द झाला. दोन मिनिटांनी तो शिकवणाऱ्या मास्तरांना पहिल्या वर्षाचा वर्ग देण्यात आला. तीन मिनिटांनी नोंदणी बदलायची मुदत संपली.

गुरुवारी सकाळी डॉटीबाईंसमोर गॅरेट बसला होता आणि शेजारी हॅल्वर्सन सर. बाईंचे डोळे लाल होते.

"मी ते पत्र पाठवायलाच नको होतं."

"काही हरकत नाही, बाई."

"हरकत आहे रे. एकदा तरी म्हण, हरकत आहे म्हणून."

गॅरेट खाली बघून म्हणाला, "आहे."

"मुदत वाढली तर त्या बाकीच्या दोन विषयांतल्या मुलांना विचारू?" बाईंनी विचारलं.

"नका विचारू," गॅरेट म्हणाला. "तेही बंद पडतील."

सर हसले. मग हसायचे थांबले. ताटात शेवटची वडी होती. त्यांनी सुरी बाजूला सारली, अख्खी वडी उचलली आणि शांतपणे खाऊन टाकली. सव्वीस वर्षांत डॉटीबाईंनी असं काही पाहिलं नव्हतं.

"सगळेच अर्धी अर्धी ठेवत बसले की असं होतं," सर बोटं पुसत म्हणाले. "अर्ज लिही, गॅरेट. आहे ना हो बाई, तो 'इतर विनंती'चा कागद?"

"आहे. पण त्यात आजवर काहीही मंजूर झालेलं नाही. एकदा कुणीतरी खुर्ची मागितली होती."

"सर, मग लिहू काय?"

"तुला काय हवंय ते लिही. तपासत बसू नकोस."

गॅरेटने पहिल्यांदाच एखादी गोष्ट एका झटक्यात लिहिली. सरांनी कागद वाचला, चष्मा काढला, परत घातला. मग कोटाच्या आतल्या खिशातून ते बाजूला ठेवलेलं पेन काढलं आणि 'मार्गदर्शकाची शिफारस' या ओळीवर पूर्ण नावाने सही केली. गॅरेट त्या सहीकडे बघत राहिला. डॉटीबाईंनी तीन ठिकाणी शिक्का मारला आणि कागदाची एक प्रत त्याच्या हातात ठेवली, ती आवकजावकात न नोंदवता.

प्रति,
मा. अध्यक्ष,
पदव्युत्तर अपील समिती

विषय: मे महिना पुढे ढकलण्याबाबत

महोदय,

वरील विषयास अनुसरून सविनय विनंती की, चालू शैक्षणिक वर्षातील मे महिना पुढील वर्षीच्या डिसेंबरपर्यंत स्थगित ठेवण्यात यावा. प्रशासकीय अडचणींमुळे तसे करणे शक्य नसल्यास, श्रीमती हॅल्वर्सन यांच्या दोन्ही गुडघ्यांना उक्त कालावधीपुरती मिनेसोटातील थंडीतून सूट देण्यात यावी, व तसे आदेश संबंधित हवामानास आपल्या स्तरावरून तात्काळ निर्गमित व्हावेत, ही विनंती.