टाकी सोडायची होती

हाउगास्तोल गावाजवळ रस्त्याचं फाटक पडलेलं होतं. विद्दा पठारावरचा घाट वाऱ्यामुळे बंद. बर्फ लोटणारी गाडी पलीकडून आली की तिच्यामागे सगळ्यांना रांगेनं सोडतील, एवढं फाटकावरच्या माणसानं सांगितलं. कधी येईल, हे त्यालाही ठाऊक नव्हतं.

माझ्या शेजारी माझा सासरा, तोर्लाइव्ह. माझी पोरं त्याला बेस्तेफार, म्हणजे आजोबा म्हणतात, म्हणून मीही. वाल्द्रेसचं घर विकून तो आमच्याकडे कायमचा राहायला निघाला होता, स्वतःच्या जुन्या कॅम्पर व्हॅनमधून. नजर अधू झाल्यापासून तो चालवत नसे, म्हणून मी न्यायला गेले होते. मागे त्याचे थोडे खोके, आणि गाडीच्या पोटाखाली काठोकाठ भरलेली पाण्याची टाकी.

पाणी कशाला भरलंस, हे मी निघतानाच विचारलं होतं. "गाडीत पाणी असावं," एवढंच म्हणाला.

बाहेर उणे बावीस. टाकी आणि पाइप गोठू नयेत म्हणून त्यांना गरम होणारी तार गुंडाळलेली होती. ती मागच्या बॅटरीवर चालायची, आणि आतल्या हीटरचा पंखाही त्याच बॅटरीवर. दुपारीच अंधारलं. बॅटरीचा काटा उतरू लागला. इंजिन चालू ठेवावं, तर डिझेल जेमतेम घाट ओलांडण्यापुरतं.

"तार बंद करते," मी म्हणाले. "टाकीतलं पाणी सोडून देऊ. आत पाणी गोठलं तर पाइप फुटतील, पंपही जाईल."

"तीस वर्षांत एक पाइप फुटला नाही."

"तीस वर्षं हिवाळ्यात ही गाडी तुझ्या गोठ्यात उभी असायची."

"पंखा बंद कर. मी आणखी एक स्वेटर घालतो."

"आणि मी?"

"तूही घाल. माझ्याकडे दोन आहेत."

"बेस्तेफार, टाकीभर पाण्यासाठी माणसांनी गारठायचं का?"

तो खिडकीकडे तोंड करून बसला. मी तारेचं बटण बंद केलं. त्यानं ते पाहिलं. मला त्याच्यासमोर बसवेना. काही कळतंय का बघावं म्हणून मी उतरून फाटकाकडे गेले. वाऱ्यात पुढची गाडी दिसत नव्हती. एकेका गाडीला हात लावत जावं लागलं. काही कळलं नाही. परत आले तर बेस्तेफारची जागा रिकामी.

हाक मारली. वाऱ्यानं ती तोंडातूनच उडवून नेली. टॉर्च फिरवला तेव्हा मागच्या चाकाजवळ एक बूट दिसला.

मी पोटावर सरपटत खाली शिरले. तो उताणा पडला होता, छातीवर बर्फ साचलेला. टाकीचा कॉक बर्फानं धरला होता. जाड हातमोज्यात दांडी पकडता येईना म्हणून त्यानं हातमोजा काढला होता. कॉक उघडला, पाणी हातावर आलं, आणि ओला तळवा लोखंडाला चिकटून गोठला.

"ओढू नकोस," तो हळू म्हणाला. "मी ओढून पाहिलंय. कातडं निघतंय."

"केव्हापासून?"

"तू गेलीस तेव्हापासून."

त्याची बोटं मेणासारखी दिसत होती. स्टोव्ह पेटवून पाणी तापेपर्यंत थांबण्यात अर्थ नव्हता. थर्मासमध्ये कॉफी होती, पण कढत. तीत मूठभर बर्फ टाकला, तान्ह्या पोराचं दूध बघतात तशी मनगटावर बघितली आणि त्याच्या हातावर धार धरली. पहिल्यांदा काही हललं नाही. दुसऱ्यांदा करंगळी सुटली. थर्मास रिकामा होता होता तळवा निघाला, थोडं कातडं दांडीलाच ठेवून. मग बगलांत हात घालून मी त्याला बाहेर ओढलं.

आत आल्यावर त्याचा हात मी माझ्या काखेत धरून बसले. ऊब परत येऊ लागली तशा त्याला कळा सुटल्या. तो दात दाबून होता.

"मी तार बंद केली म्हणून गेलास?"

"नाही. तुझंच बरोबर होतं. टाकी आधीच सोडायला हवी होती." मग तो म्हणाला, "पाणी असलं की ही गाडी घरासारखी. तुमच्या अंगणात लावून मी इथंच राहणार होतो. स्वयंपाकघरात एक म्हातारा मध्ये मध्ये कशाला?"

"हाल्वरला माहीत आहे?"

"माझ्या मुलाला मी सगळं सांगत नाही."

भीतीपेक्षा आता मला राग आला. "तुझी खोली रंगवून झालीय. रंग पोरांनी निवडलाय. शेवाळासारखा हिरवा आहे. आम्ही बघतोय, तर तुलाही बघावा लागेल."

"फार वाईट आहे?"

"फार."

तो हसला की कण्हला, कळलं नाही. काच वाजली. फाटकावरचा माणूस खुणावत होता, निघा म्हणून. मी पुढच्या गाडीचे लाल दिवे धरून घाट चढले. सगळा रस्ता तो हात कुशीत घेऊन बसला होता.

दवाखान्यात बोटं वाचली. एका बोटाचं टोक मात्र काळं पडून गेलं. पाइप शाबूत राहिले. पंपात पाणी अडकलं होतं, तो फुटला. उन्हाळ्यात हाल्वर म्हणाला, नवा बसवू का? बेस्तेफार तेव्हा पोरांबरोबर कोबीचे वाफे खणत होता. घाई नाही म्हणाला.