बांधणीखोलीचं बक्षीस

“सुरी खाली ठेव. आधी गाठ बघ,” क्लेम म्हणाला.

सिओनेनं सुरी मागे घेतली आणि वाकून पाहिलं. ट्रकवाले मारतात तशी ओढगाठ, आणि दोरीखाली निळ्या फुलांची, धुऊन धुऊन विरलेली चादर.

“कोंडोबोलिनची बाई! यंदाही आली म्हण की.”

“एकोणिसावं वर्ष. सोडवायची गाठ, कापायची नाही.”

“म्हाताऱ्या, लग्न तरी करून टाक तिच्याशी. चादरी घरच्याच होतील.”

सिडनीच्या त्या मोठ्या कलादालनाच्या पाठीमागे, मालट्रक लागतात तिथं, ही बांधणीखोली होती. दर वर्षी व्यक्तिचित्रांच्या स्पर्धेसाठी देशभरातून आठ-नऊशे चित्रं यायची. त्यांतली पन्नासेक वरच्या दालनात लागायची. उरलेली क्लेम पुन्हा बांधून ज्याची त्याला धाडायचा. लांबच्या कोंडोबोलिन गावातल्या रेलीन पास्को या बाईचं चित्र अठरा वेळा असं परत गेलं होतं. क्लेमनं तिला कधी पाहिलं नव्हतं. पण माहेरवाशिणीला रिकाम्या हातानं पाठवू नये, तसं तिचं चित्र त्यानं कधी उघड्या कोपऱ्यांनी पाठवलं नव्हतं. चारी कोपऱ्यांना नमद्याचे तुकडे लावायचे, चादरीची घडी जशी आली तशीच घालायची आणि मग दोरी.

चादर उतरली. जात्यावर बसल्यावर ओवी यावी तसा सिओने खोकी उघडताना दिवसभर आपल्या टोंगा बेटांवरची गाणी म्हणायचा. तो गाता गाता थांबला.

चित्रातला माणूस साठीचा होता. खाटेच्या कडेवर बसलेला, टोपी गुडघ्यावर. चेहरा भट्टीतल्या विटेसारखा भाजलेला, आणि भुवयांच्या बोटभर वर एक सरळ रेघ. रेघेच्या वर कपाळ दुधासारखं गोरं. आयुष्यभर टोपीखाली राहिलेलं, उन्हानं कधी न पाहिलेलं कपाळ. मागच्या चिठ्ठीवर लिहिलं होतं: ‘माझा भाऊ केव्ह, रस्ते सपाट करून घरी आल्यावर.’

क्लेमचा बाप गव्हाच्या रानात राबला होता. बापाचं असलं कपाळ क्लेमला फक्त रविवारी चर्चमध्ये दिसायचं. आणि नंतर एकदा, शवपेटीत.

“हे लागणार,” तो एवढंच म्हणाला.

आणि लागलं. यादीत रेलीन पास्कोचं नाव दिसलं तेव्हा सिओनेनं ढोपरानं फोर्कलिफ्टचा भोंगा वाजवला.

पण खरी पंचाईत पुढेच होती. वरचे विश्वस्त मोठं बक्षीस द्यायचे, त्याच्या आठवडाभर आधी खालचे बांधणीवाले आपलं एक छोटं बक्षीस द्यायचे. ही जुनी रीत. बांधणीवाले पाच जण, पण मुख्याचं, म्हणजे क्लेमचं, मत बाकी चौघांच्या मतांहून जड. आणि गंमत अशी, की इतक्या वर्षांत बांधणीवाल्यांनी निवडलेल्या एकाही चित्राला वरचं बक्षीस मिळालं नव्हतं. एकदा नाही. एक नामांकित चित्रकार तर स्वतः खाली येऊन म्हणाला होता, “दादांनो, माझ्यावर प्रेम असेल तर मला देऊ नका. तुमचं बक्षीस पनवती आहे.” क्लेम तेव्हा पोट धरून हसला होता.

यंदा त्याला हसू येईना.

चहाच्या सुट्टीत चौघांनी हात वर केले. चारही केव्हसाठी. क्लेम कपात चमचा फिरवत राहिला.

“माझं मत त्या टीव्हीवर पाव भाजणाऱ्या आचाऱ्याच्या चित्राला.”

“त्या पाववाल्याला?” सिओने उठूनच उभा राहिला. “त्याचा कान बघितलास? कान आहे का पापड?”

“कान नीट आहे त्याचा.”

“खोटं बोलतोस. त्या केव्हसमोर तू रोज डबा खातोस, आम्हाला दिसत नाही?”

“म्हणूनच,” क्लेम हळू म्हणाला. “आपण हात लावला की मेलं ते. वरचं बक्षीस मिळू दे तिला. अठरा वर्षं नकाराची पत्रं गेलीत.”

“भ्यालास तू.”

“भ्यालो. मग?”

खालच्या बक्षिसाचा निकाल दुसऱ्या दिवशी दुपारी जाहीर व्हायचा होता. त्या सकाळी मालाच्या दारात एक बाई येऊन उभी राहिली. पंचावन्नच्या पुढची, अंगात शाळेच्या बसचालकांचं पिवळं जाकीट.

“मी रेलीन. पुढच्या दारानं यायचं होतं का? मला पत्ता हाच पाठ आहे.”

क्लेमनं हात पुसले, मग पुन्हा पुसले.

“तुम्हीच बांधता का हो?” तिनं विचारलं. “केव्हला मी म्हणायची, वरून येतं ते छापील पत्र, पण खाली कुणीतरी घडी घालणारं माणूस आहे.”

क्लेमनं तिला बसायला एक खोकं पालथं घातलं. “भाऊ नाही आले?”

“फुप्फुसं गेली त्याची. तीस वर्षं रस्त्यांची धूळ खाल्ली. आता प्राणवायूच्या नळीला बांधलाय. त्याला सांगून आलेय, भिंतीवर कसा दिसतोस ते बघून येते.”

त्यानं तिला चहा दिला. पालथ्या खोक्यावर बसून ती निवांत प्यायली, बसच्या दोन फेऱ्यांच्या मधे पीत असेल तशी. क्लेमनं घसा साफ केला.

“तुमचा नशिबावर विश्वास आहे?”

“मी बस चालवते. माझा विश्वास ब्रेकवर.”

पलीकडे सिओने फस्सकन हसला. मग क्लेमनं सगळं सांगून टाकलं. रीत, पनवती, आपलं जड मत, पाववाला. सांगताना तो तिच्याकडे बघत नव्हता.

रेलीननं कप खाली ठेवला.

“वरचं मिळालं असतं तर आवडलं असतं हो मला,” ती म्हणाली. “नाही कसं म्हणू? स्वप्नंसुद्धा पडलीत. पण एक सांगा. पहिल्या थांब्यावर एकच पोर उभं आहे आणि पुढच्यावर दहा असतील, म्हणून कुणी पहिल्यावरनं गाडी पळवतं का?”

“नाही.”

“पोराला कळतं हो. चाकांची धूळ उडते ना, त्यातच कळतं.” ती उठली. “पण मत तुमचं. मी काही मागायला नव्हते आले. चहा छान होता.”

ती वर गेली आणि क्लेम मोकळ्या खोक्यांमधून दोन चकरा मारून आला.

“सिओने, त्या आचाऱ्याचा कान.”

“काय?”

“पापडच आहे.”

दुपारी छायाचित्रकार, विश्वस्त, वार्ताहर जमले. क्लेमनं कागद न बघता नाव घेतलं, आणि का ते विचारल्यावर म्हणाला, “आम्ही ते उघडलं आणि गाणं थांबलं.” रेलीन मागच्या रांगेत होती. तिनं त्याचा हात दोन्ही हातांत धरला. तिच्या तळव्यांना स्टिअरिंगनं घट्टे पडलेले. तेवढंच. संध्याकाळच्या गाडीनं ती परत गेली. सकाळी पोरं थांब्यावर उभी राहणार होती.

पुढच्या शुक्रवारी मोठं बक्षीस जाहीर झालं. एका तरुण चित्रकाराला मिळालं, आणि चित्र खरोखर चांगलं होतं. क्लेमला त्यात खोट काढता आली नाही, तेच त्याला जास्त लागलं. गर्दी त्या दालनाकडे लोटली. क्लेम उलट्या दिशेनं चालत केव्हच्या चित्रापाशी आला, अर्जावरचा नंबर काढून त्यानं फोन लावला. रेलीन फेरीवर असणार. पलीकडून खरखरीत, दमलेला आवाज आला.

“केव्ह बोलतोय.”

“मी सिडनीहून, क्लेम. बांधणीवाला. वरचं नाही मिळालं हो. माझ्यामुळे असेल.”

पलीकडे हसल्यासारखं काहीतरी, आणि खोकला.

“तुम्ही आता कुठं आहात?”

“तुमच्यासमोरच उभा आहे.”

“मग सांगा तरी. कोण बघतंय मला?”

क्लेमनं वळून पाहिलं. “एक बाई आहे, बाबागाडी घेऊन. पोर झोपलंय, पण ती हलत नाही. शाळेच्या दोन मुली. एक म्हातारा बाकावर बसलाय, तुमच्याचकडे तोंड करून.”

“अजून?”

“मुली गेल्या. म्हातारा आहे.”

लांबच्या दालनात टाळ्या सुरू झाल्या. बाई गाडी ढकलत तिकडे निघाली. म्हातारा गुडघ्यावर हात टेकून उठला, चित्राकडे एकदा पाहून हळूहळू गेला. फोनमधून नळीतल्या हवेची बारीक शीळ येत होती. पहारेकरी फोन बंद करायला सांगायला पुढे आला, आणि क्लेमचा चेहरा पाहून दाराशीच थांबला.

“आता कोण आहे?” केव्हनं विचारलं.

“आता मी आहे,” क्लेम म्हणाला.