चमच्याचमच्यानं

डबीवाल्या मावशींनी सकाळपासून तिसऱ्यांदा नऊ नंबरच्या खाटेखालची डबी उचलून पाहिली. कोरडी ठणठणीत.

बाळाच्या आईला विचारलं, तर ती म्हणाली, सगळं थांबलंय, रात्रीपासून शी एकदाच झालीय. सिस्टरच्या कागदावरही तसंच होतं. दुपारी डॉक्टर घरी सोडणार होते.

मुलांच्या या वॉर्डात मावशींचं काम एवढंच. पाच वर्षांच्या आतलं लेकरू जुलाबानं आलं, की त्याची शी डबीत घ्यायची, नंबर घालायचा, बर्फाच्या पेटीतून प्रयोगशाळेत पोचवायची. एकवीस वर्षं झाली. त्यांचा जावई पाहुण्यांना सांगायचा, आमच्या सासूबाई नुसत्या वासावर रोग ओळखतात. मावशीही हसायच्या. पण प्रयोगशाळेतल्या तपासनिसानं त्यांना एकदा नीट समजावलं होतं, की लेकरांना जुलाब लावणारा रोटाव्हायरस काही एकटा नाही, त्याचे बरेच प्रकार. यंदा एकाचा जोर, तर पुढच्या साली दुसऱ्याचा. लस कुठल्या प्रकाराला कितपत आवरते, ते या डब्यांवरूनच कळतं. मावशींनी ते आपल्या परीनं मनात ठेवलं होतं. एका घरची भावंडं ती, तोंडवळा तोच, चाल निराळी. दारात कोण उभं आहे, ते बघायला नको?

बाळ दहा महिन्यांचं. ओठ सुकलेले, डोळे आत गेलेले. बरं होणारं लेकरू असं नसतं, हे मावशींना कागद न वाचता कळत होतं.

त्या मागच्या मोरीकडे गेल्या. दोरीवर एक मोठं दुपटं पसरलं होतं. त्याच्या आड आठ लंगोट, धुऊन, पिळून, ओळीनं. अजून ठिबकत होते.

मावशी परत आल्या आणि खाटेच्या कडेला टेकल्या.

“आठ आहेत गं.”

आई खाली बघत राहिली. मग एकेक करून बाहेर आलं. घरी तीन वर्षांची थोरली शेजारणीकडे ठेवलेली. दोन दिवस धड जेवली नव्हती, दारातच बसून होती. लवकर सोडतील म्हणून हिनं आकडा चोरला.

“आणि मीठ-साखरेच्या पुडीचं पाणी?”

“बंद केलं. पाजलं की लगेच होतं. पोटात काही नसलं तर थांबेल, असं वाटलं.”

मावशींनी बाळाच्या सुकल्या ओठांवरून बोट फिरवलं.

“मीही बंद केलं होतं,” त्या म्हणाल्या. “माझ्या पहिलीचं.”

आईनं झटकन बाळाला जवळ ओढलं. वाटी आणि चमचा तिनं स्वतःच पुढे केला.

मावशींनी सिस्टरला खरं काय ते सांगितलं. डॉक्टर आले, त्यांचा आवाज चढायला लागला, तशा मावशी मधे पडल्या. ती आधीच घाबरलीय, तिला काय करायचं तेवढं सांगा म्हणाल्या. डॉक्टर वरमले. घरी जाणं रद्द. मिनिटा-दोन मिनिटांनी एक चमचा. उलटी झाली तर दहा मिनिटं थांबून पुन्हा. अंगावरचं दूधही चालू. चारपर्यंत लघवी झाली तर ठीक, नाहीतर सलाईन लावू.

मग चमचा सुरू झाला. जात्यावरच्या बाईसारखा मावशींचा हात एका लयीत चालायचा. त्यांचा दमला, की आईचा. पहिली उलटी झाली तेव्हा आईनं वाटी बाजूला सारली. मावशींनी दहा मिनिटं मोजली आणि वाटी पुन्हा तिच्या हातात दिली. मधेच डबीही भरली. शेजारणीला फोन झाला. थोरलीनं दूध-भात खाल्ला होता आणि आता शेजारणीच्या मांजराला छळत होती.

आई जरा सैल झाली. मग तिनं मनातला सल बोलून दाखवला, की लसीचे तिन्ही डोस वेळेवर दिले होते, तरी हे कसं झालं? मावशींनी वॉर्डभर नजर फिरवली. पूर्वी याच खाटांवर दोन-दोन लेकरं असायची, एकाचं डोकं दुसऱ्याच्या पायाशी. आता बारापैकी सात खाटा रिकाम्या. डोस घेतलेलं बाळही कधी आजारी पडतं, त्या म्हणाल्या, पण बहुतेक वेळा निभावतं.

“असंच चाललं तर तुमचं काम जाईल की, मावशी.”

“जाऊ दे की. जावयाला सांगायला दुसरं काही सापडेल.”

आई हसली, आणि हसता हसताच भिंतीला टेकून तिचा डोळा लागला.

बाळ मावशींच्या मांडीवर आलं. साडेतीन झाले. पावणेचार. वाटीतलं पाणी उतरत होतं आणि बाळाचे ओठ आता चमच्याला आपणहून शोधत होते.

मग मावशींच्या मांडीवर अचानक ऊब पसरली. लुगड्यातून पायापर्यंत गेली, खाली फरशीवर थेंब पडला.

मावशी जागच्या हलल्या नाहीत. आईला उठवावं म्हणून त्यांनी हात उचलला. तिचं तोंड किंचित उघडं होतं, कपाळावरची आठी गेली होती. तो हात त्यांनी तसाच वळवला आणि वाटीतला पुढचा चमचा भरला.